बटाटा : बेणे व लहान क्षेत्रावरील लागवड

वांगे, टोमॅटो, मिरची व तंबाखू यांच्या सोलॅनेसी या कुलातील एक कंदपीक. शास्त्रीय नाव सोलॅनम ट्यूबरोजम. बटाटा हे मूळ नसून जमिनीखाली वाढणाऱ्या आडव्या फांद्यांच्या टोकाशी अन्नसंचय होऊन फुगलेले खोड (ग्रंथिक्षोड) आहे. त्यामुळेच त्याच्यावर डोळे असतात व प्रत्येक डोळ्यातून कोंब फुटून नवे झाड तयार होऊ शकते. लागवडीसाठी वापरावयाच्या बटाट्यांना ‘बेणे’ म्हणतात. बटाट्याच्या शेतीतील खर्च, उत्पन्न व धोका या तिन्ही गोष्टी प्रामुख्याने बेण्यावर अवलंबून असतात आणि शेत जितके लहान तितके हे अवलंबित्व शेतकऱ्यास अधिक जाणवते.

मूलस्थान व प्रसार : हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पेरू-बोलिव्हिया भागातील असून तेथे ते हजारो वर्षांपासून लागवडीखाली आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांनी ते यूरोपात आणले. भारतात ते पोर्तुगिजांमार्फत आले, असे सामान्यतः मानतात. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून मुळात तो कॅरिबियन बेटांवरील लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द होता. चीनच्या खालोखाल सर्वांत अधिक बटाटा भारतात पिकतो. २०२० नंतर भारताचे वार्षिक उत्पादन ५ कोटी टनांच्या पुढे गेले आहे. त्यातील बहुतेक वाटा उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, बिहार, गुजरात इ. राज्यांचा असून तेथे हे पीक हिवाळी आहे. महाराष्ट्राचा वाटा अल्प आहे. परंतु येथे ते खरीप व रब्बी अशा दोन्ही हंगामांत घेतले जाते, हे येथील लागवडीचे वैशिष्ट्य होय. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव, खेड व जुन्नर हे तालुके आणि सातारा जिल्ह्यातील खटाव भाग त्यासाठी प्रसिद्ध आहेत. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार या उंचवट्यावरील पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव इ. गावांत पावसाच्या पाण्यावर घेतलेला खरीप बटाटा हे लहान शेतकऱ्यांचे मुख्य नगदी पीक आहे.

हवामान व हंगाम : बटाटा हे थंड हवामानाचे पीक आहे. कोंब फुटून वाढ होण्यास २०° ते २५° से. तापमान चालते, परंतु कंद धरण्यासाठी व पोसण्यासाठी रात्रीचे तापमान १५° ते २०° से. असणे इष्ट असते. दिवसाचे तापमान ३०° से.च्या वर राहिल्यास पाला वाढतो, पण कंद नीट पोसत नाहीत. दख्खनच्या पठारावर पावसाळ्यातील ढगाळ हवेमुळे तापमान उतरते. ६०० मी.हून अधिक उंचीच्या भागांत खरिपात बटाटा येऊ शकतो, तो यामुळेच. खरीप लागवड जून-जुलैमध्ये करून पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. रब्बी लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात करतात व काढणी जानेवारी ते मार्च या काळात होते. रब्बीचे उत्पन्न अधिक मिळते. मात्र त्यास विहिरीचे अथवा कालव्याचे खात्रीचे पाणी लागते.

बेण्याचे प्रमाण व खर्च : गव्हाच्या पेरणीस हेक्टरी सु. १०० किग्रॅ. बियाणे पुरते. बटाट्याच्या दोन ओळींत ६० सेंमी. व दोन झाडांत २० सेंमी. अंतर ठेवल्यास हेक्टरी सु. ८३,००० झाडे बसतात. प्रत्येक जागी ३० ग्रॅ. वजनाचे बेणे धरले, तर हेक्टरी सु. २५ क्विंटल म्हणजेच एकरी १० क्विंटल बेणे लागते. पन्नास किलोच्या वीस गोण्या एक एकर जमिनीत प्रथमच गाडाव्या लागतात. बटाट्याच्या एकूण लागवड खर्चापैकी सु. ४० ते ५० टक्के खर्च एकट्या बेण्यावर होतो तो यामुळे.

या प्रमाणाचा परिणाम उत्पन्नाच्या हिशेबावरही होतो. एकरी ६० क्विंटल पीक आले असता त्यातील एक षष्ठांश भाग केवळ बेण्याची भरपाई करतो. बेण्याचा खरेदीदर पिकाच्या विक्रीदराच्या दुप्पट असेल, तर भरपाईपोटी एक तृतीयांश पीक जाते. खते, मजुरी, औषधे, पोती व वाहतूक यांचा खर्च याहून वेगळा. धान्यपिकात हंगाम बुडाल्यास मुख्यतः मेहनत व खत वाया जाते. बटाट्यात त्यासोबत मोठे रोख भांडवलही जाते. हे भांडवल हंगामाच्या आरंभीच उभे करावे लागत असल्यामुळे लहान शेतकरी अनेकदा बेणे उधारीवर घेतो व ज्याच्याकडून ते घेतले त्याच्याकडेच माल घालण्यास बांधला जातो.

बेण्याचा ऱ्हास : बटाट्याची वाढ शाकीय रीतीने होत असल्यामुळे मातृझाडाचे गुणधर्म जसेच्या तसे पुढील पिढीत उतरतात, तसेच त्याचे रोगही उतरतात. पाने गुंडाळणारा व्हायरस, वाय व्हायरस व एक्स व्हायरस हे यांतील प्रमुख होत. पहिल्या दोहोंचा प्रसार मावा या किडीमार्फत होतो. एक्स व्हायरस झाडांच्या परस्परस्पर्शाने व अवजारांनी पसरतो. रोगट झाडाचा बटाटा वरून निरोगी दिसतो. म्हणून तो ओळखून बाजूला काढता येत नाही. घरचेच बेणे वर्षानुवर्षे वापरल्यास रोगट झाडांचे प्रमाण दर पिढीस वाढते, कंद लहान व थोडे धरतात आणि उत्पन्न निम्म्याहूनही कमी होऊ शकते. शेतकरी याला ‘बियाणे उतरले’ असे म्हणतात. जमीन थकल्यामुळे असे होते, हा समज बरोबर नाही. त्याच जमिनीत निरोगी बेणे लावल्यास पीक पुन्हा पूर्ववत येते.

महाराष्ट्रात बेणे न टिकण्याची कारणे : येथील शेतकऱ्यास स्वतःचे बेणे राखण्याचे दोन मार्ग दिसतात, परंतु दोहोंतही अडचण आहे. रब्बीचे बटाटे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात व खरिपाची लागवड जूनमध्ये होते. मधले तीन-चार महिने कडक उन्हाळ्याचे असतात. या काळात साध्या साठवणीत बटाटे सुरकुततात, कुजतात, पाकोळीच्या अळ्यांनी पोखरले जातात किंवा अवेळी कोंब येऊन दुबळे होतात. दुसऱ्या बाजूस खरिपाचे बटाटे सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात व रब्बीची लागवड लगेच सुरू होते. नव्याने काढलेल्या बटाट्यास सु. ८ ते १० आठवड्यांचा सुप्तावस्थेचा काळ असतो. तोवर डोळे फुटत नाहीत. थायोयूरिया व जिबरेलिक अम्ल यांच्या द्रावणाने सुप्तावस्था मोडता येते. पण मोठ्या राशीवर हा उपाय खर्चाचा व जिकिरीचा ठरतो. शिवाय येथील उबदार हवेत मावा बराच काळ कार्यरत असल्याने बेण्यात व्हायरस शिरण्याचा संभव अधिक असतो. या कारणांमुळे महाराष्ट्रातील बरेचसे बेणे परराज्यांतून, मुख्यतः पंजाबातून आणले जाते. पुणे जिल्ह्यातील मंचर व खेड (राजगुरुनगर) या बाजारपेठा त्याच्या विक्रीची केंद्रे आहेत.

बाहेरून बेणे आणण्याची ही पद्धत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात इटलीहून बेणे येत असे. १९०६ मध्ये अशाच बेण्यासोबत बटाट्यावरील पाकोळी मुंबई इलाख्यात आली व नंतर देशातील इतर भागांत पसरली. बेण्याबरोबर कीड व रोगही प्रवास करतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

बेणे-क्षेत्र तंत्र : १९४९ मध्ये पाटणा येथे स्थापन झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९५६ मध्ये सिमल्यास हलविण्यात आली. पूर्वी निरोगी बेणे केवळ हिमालयातील थंड डोंगराळ भागातच तयार होऊ शकते, असा समज होता. तेथील बेणे अपुरे पडे व शरदात निघत असल्यामुळे मैदानी भागातील ऑक्टोबरच्या लागवडीच्या वेळी ते सुप्तावस्थेत असे. डॉ. पुष्करनाथ व त्यांचे सहकारी यांनी माव्याच्या संख्येचा ऋतुमानानुसार अभ्यास करून उत्तरेकडील मैदानांत ऑक्टोबर ते जानेवारीच्या आरंभापर्यंत मावा अत्यल्प असतो, असे दाखवून दिले. त्यावरून बेणे-क्षेत्र तंत्र विकसित झाले. या तंत्रात निरोगी बेणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावतात, रोगट झाडे वेळोवेळी उपटून नष्ट करतात आणि शंभर पानांमागे माव्याची संख्या २० होण्यापूर्वी, सामान्यतः जानेवारीच्या पूर्वार्धात, पाला कापून टाकतात. कंद मातीतच ठेवून साल पक्की झाल्यावर काढतात व शीतगृहात ठेवतात. १९६० नंतरच्या दशकांत या तंत्रामुळे पंजाब, हरयाणा व पश्चिम उत्तर प्रदेश हे प्रदेश देशाचे बेणे-पुरवठादार बनले. पैदासकार, पायाभूत व प्रमाणित अशा क्रमाने बेण्याचे गुणन होते. अलीकडे ऊतक संवर्धनाने तयार केलेल्या व्हायरसमुक्त रोपांपासून आणि मुळे हवेत ठेवून त्यांवर पोषकद्रव्यांचा फवारा देण्याच्या पद्धतीने छोटे बेणे-कंद तयार करण्यात येतात. त्यामुळे गुणनाच्या पिढ्या कमी लागतात.

प्रकार : या संस्थेने प्रसृत केलेल्या प्रकारांच्या नावांत सिमल्याजवळील कुफरी या गावाचे नाव आढळते. कुफरी चंद्रमुखी (१९६८) हा ८० ते ९० दिवसांत तयार होतो. कुफरी ज्योती (१९६८) यास ९० ते ११० दिवस लागतात. तो करपा रोगास प्रतिकारक म्हणून प्रसृत झाला होता, पण त्याची ही प्रतिकारशक्ती पुढे टिकली नाही. कुफरी लवकर (१९७२) हा दख्खनच्या पठारास उपयुक्त असून नावाप्रमाणेच लवकर तयार होतो. कुफरी पुखराज (१९९८) भरघोस उत्पन्न देतो. कुफरी चिपसोना–१ व २ (१९९८) हे तळलेल्या कापांसाठी (वेफरसाठी) काढलेले असून त्यांत शुष्क भाग अधिक व क्षपणकारक शर्करा कमी असते. कुफरी सूर्या (२००६) हा तुलनेने उष्ण हवेतही कंद धरतो. सर्व शेतकऱ्यांनी एकाच प्रकारावर विसंबणे धोक्याचे असते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून करपा रोगाने लागोपाठ पिके नष्ट केली. तेथील गरीब कुटुंबे लहानशा तुकड्यांवर बहुतांशी ‘लंपर’ हा एकच प्रकार लावीत व त्यावरच जगत. त्या दुष्काळात सु. दहा लाख लोक मरण पावले व त्याहून अधिक लोकांनी देशांतर केले.

जमीन व मशागत : मध्यम, भुसभुशीत, पोयट्याची व चांगल्या निचऱ्याची जमीन या पिकास मानवते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून कंद कुजतात व काढणीही अवघड जाते. अम्लतादर्शक मूल्य (पीएच) ५·५ ते ७ असावे. अल्कधर्मी जमिनीत खवडा रोगाचे प्रमाण वाढते. एक खोल नांगरट व कुळवाच्या दोन-तीन पाळ्या देऊन ढेकळे फोडतात आणि हेक्टरी १५ ते २० टन चांगले कुजलेले शेणखत मिसळतात. कच्च्या शेणखताने हुमणी व वाळवी यांचा उपद्रव होतो. त्याच जमिनीत लागोपाठ बटाटा, वांगे, टोमॅटो अथवा मिरची घेत नाहीत.

बेणे तयार करणे व लागवड : शीतगृहातील बेणे लागवडीपूर्वी ८ ते १० दिवस बाहेर काढून सावलीत, हवेशीर जागी पातळ थरात पसरतात. अंधुक उजेडात आलेले आखूड, जाड व हिरवट कोंब चांगले. अंधारातील लांब, पांढरे कोंब लागवडीत मोडतात. अंड्याएवढे, ३० ते ५० ग्रॅ. वजनाचे अखंड बटाटे उत्तम समजतात. मोठ्या बटाट्यांच्या उभ्या फोडी करतात. प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे व २५ ते ३० ग्रॅ. गर असावा. फोडी केल्याने बेण्याची बचत होते. परंतु रोगट बटाट्यावर चाललेला विळा पुढील अनेक फोडींना रोग लावतो. यासाठी विळा जंतुनाशकात वरचेवर बुडवितात. फोडींवर मँकोझेबसारख्या कवकनाशकाची प्रक्रिया करून त्या दोन-तीन दिवस सावलीत ठेवतात, म्हणजे कापलेल्या भागावर संरक्षक थर धरतो. खरिपात ओल्या जमिनीत फोडी कुजण्याचा संभव असल्याने अखंड बेणे वापरणेच हितावह असते. ४५ ते ६० सेंमी. अंतरावरील सऱ्यांत १५ ते २० सेंमी.वर बेणे ठेवून वरंबा फोडून ते झाकतात.

खत, पाणी व आंतरमशागत : महाराष्ट्रात हेक्टरी सु. १०० किग्रॅ. नत्र, ६० किग्रॅ. स्फुरद व १२० किग्रॅ. पालाश यांची शिफारस करण्यात येते. निम्मे नत्र व संपूर्ण स्फुरद-पालाश लागवडीच्या वेळी आणि उरलेले नत्र सु. एक महिन्याने मातीची भर देताना देतात. नत्र अधिक झाल्यास पाला माजतो व कंद पोसण्यास उशीर होतो. भर देणे हे या पिकातील अत्यावश्यक काम आहे. उघडे पडलेले कंद उन्हाने हिरवे होतात व त्यांत सोलॅनीन हे विषारी द्रव्य तयार होते. तसेच पाकोळी त्यांवर अंडी घालते. मुळे उथळ असल्याने पाणी थोडे व वरचेवर, रब्बीत ६ ते १० दिवसांच्या अंतराने देतात. वरंबे पूर्ण बुडू देत नाहीत. कंद धरण्याच्या व पोसण्याच्या काळात ताण पडल्यास उत्पन्न घटते. ताणानंतर एकदम भरपूर पाणी मिळाल्यास कंद वेडेवाकडे होतात व तडकतात.

रोग व किडी : उशिरा येणारा करपा हा फायटोप्थोरा इन्फेस्टन्स या कवकसदृश जीवामुळे होतो. १०° ते २०° से. तापमान व सतत दमट हवा मिळाल्यास तो काही दिवसांतच संपूर्ण शेत करपवितो. त्यामुळे रोग दिसण्यापूर्वीच ढगाळ हवेत प्रतिबंधक फवारणी करतात. लवकर येणाऱ्या करप्यात पानांवर वर्तुळाकार वलये असलेले तपकिरी ठिपके पडतात. सूक्ष्मजंतूंमुळे होणाऱ्या मर रोगात हिरवे झाड एकाएकी कोमेजते व बटाटा कापल्यास आत तपकिरी कडे दिसते. यावरून त्यास ‘बांगडी’ म्हणतात. भारतात या रोगाची पहिली नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यातूनच झाली. हा रोग बेण्यातून येतो व एकदा शिरल्यावर जमिनीत टिकून राहतो. त्यावर खात्रीचे औषध नाही. निरोगी बेणे व तृणधान्यांबरोबर पिकांची फेरपालट हेच त्यावरील उपाय होत. पाकोळीच्या बंदोबस्तासाठी मातीची भर वेळेवर देतात, काढलेले बटाटे रात्री शेतात उघडे ठेवीत नाहीत व साठवणीत टणटणीच्या (घाणेरीच्या) वाळलेल्या पाल्याचा थर देतात.

काढणी व साठवण : पाला पिवळा पडू लागल्यावर ८ ते १० दिवस आधी पाणी तोडतात व पाला कापतात, त्यामुळे साल पक्की होते. कुदळीने, नांगराने अथवा काढणी यंत्राने बटाटे उपटून सावलीत सुकवितात व कापलेले, सडके, हिरवे असे निराळे काढतात. बेण्यासाठीचे बटाटे शीतगृहात २° ते ४° से. तापमानात ठेवतात. इतक्या थंडीत गरातील स्टार्चाचे अंशतः शर्करेत रूपांतर होते व असे बटाटे तळल्यास काळपट होतात. म्हणून वेफरसाठीचा माल १०° ते १२° से. तापमानात ठेवावा लागतो. साठवणीची सोय नसलेल्या शेतकऱ्यास काढणीच्या वेळचाच दर पत्करावा लागतो. सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात येत असल्याने तो दर बहुधा पडलेला असतो.

करार व बेण्याचा हक्क : वेफर तयार करणाऱ्या कंपन्या काही भागांत शेतकऱ्यांशी करार करून बेणे पुरवितात व ठरलेल्या दराने माल घेतात. यामुळे दराची हमी मिळते. मात्र आकार व शुष्क भाग यांच्या अटीत न बसणारा माल शेतकऱ्यालाच अन्यत्र विकावा लागतो. २००१ च्या वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये शेतकऱ्यास संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेवीचा व विकण्याचा हक्क आहे. मात्र ते नाममुद्रा लावून विकता येत नाही. २०१९ मध्ये गुजरातमधील काही बटाटा उत्पादकांवर नोंदणीकृत वाण विनापरवाना लावल्याबद्दल एका कंपनीने दावे दाखल केले व सर्वत्र टीका झाल्यावर त्याच वर्षी मागे घेतले. त्या निमित्ताने या तरतुदीचे महत्त्व लहान शेतकऱ्यांच्या लक्षात आले.

बेण्याच्या खर्चात बचतीचे उपाय : सर्व बेणे दरवर्षी विकत घेणे अनिवार्य नाही. केन्यासारख्या देशांत लहान शेतकऱ्यांनी अवलंबिलेल्या निवड पद्धतीत फुलोऱ्याच्या सुमारास सर्वांत निरोगी व जोमदार झाडांजवळ खुंट्या रोवतात आणि केवळ त्याच झाडांचे बटाटे बेण्यासाठी वेगळे ठेवतात. या पद्धतीने रोग नाहीसे होत नसले, तरी ऱ्हासाची गती मंदावते. महाराष्ट्रात असे बेणे शीतगृहात ठेवल्यासच उन्हाळा पार करते. म्हणून अनेक शेतकऱ्यांनी एकत्र येऊन साठवण करणे सोयीचे पडते. प्रमाणित बेणे एकत्रित खरेदी केल्यास गोण्यांवरील प्रमाणपत्राची खूण पडताळून पाहणे व वाहतूक खर्च वाटून घेणे शक्य होते. फळांतील खऱ्या बियांपासून रोपे करूनही बटाटा लावता येतो. एका हेक्टरास १०० ते १५० ग्रॅ. बी पुरते व त्यातून फारच थोडे व्हायरस पसरतात. तथापि रोपवाटिकेची मेहनत, लागणारा अधिक काळ व कंदांच्या आकारातील विविधता यांमुळे या पद्धतीचा प्रसार मर्यादित राहिला आहे. यामुळे निरोगी बेणे-कंद रास्त दरात व वेळेवर मिळणे हीच लहान क्षेत्रावरील बटाट्याच्या शेतीची मुख्य गरज आहे.